बॉयलर काढून हीट पंप: रेडिंगमधल्या आमच्या घराच्या नोंदी

१८ जानेवारी २०२४, गुरुवार

पहाटे मागच्या दारी टांगलेल्या थर्मामीटरवर उणे ५. दिवसाची सरासरी शून्याच्या आसपास. घर तापवणारा गॅसचा बॉयलर पाच ते अकरा आणि पुन्हा चार ते साडेदहा चालू. रात्री स्मार्ट मीटरवर गॅसचा आकडा पाहिला: ११२ युनिट (किलोवॅट-तास).

आजपासून ही वही. बॉयलर २००७चा आहे. डिसेंबरात दुरुस्तीला आलेला माणूस सांगून गेला की पुढच्या वेळी सुटा भाग मिळेल याची खात्री नाही. नवा गॅस बॉयलर २,९०० पौंडांत बसेल असं कोटेशन हातात आहे. दुसरा रस्ता हीट पंपाचा, म्हणजे विजेवर चालून बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणाऱ्या यंत्राचा. त्यासाठी इंग्लंड-वेल्समध्ये सरकार ७,५०० पौंड देतं. गेल्या ऑक्टोबरपर्यंत ५,००० देत होतं. मंडळात विचारलं तर निम्मे म्हणाले जुन्या घरात हे चालत नाही, निम्मे म्हणाले बिल अर्ध्यावर येतं. स्वतःचं घर मोजलेलं मात्र एकही जण भेटला नाही. मला आधी मोजायचं आहे.

घर रेडिंगच्या टाइलहर्स्ट भागात, १९३०च्या दशकातलं, एका बाजूने शेजारच्या घराला चिकटलेलं. तीन बेडरूम, ९२ चौरस मीटर. भिंत दुहेरी विटांची. मधली पोकळी आधीच्या मालकांनी भरून घेतली होती, त्याचं हमीपत्र कागदांत सापडलं. खिडक्या दुहेरी काचेच्या, पण जुन्या. रेडिएटर, म्हणजे आतून गरम पाणी फिरून खोली तापवणारे पत्रे, नऊ. गरम पाण्याची टाकी नाही; नळ सोडला की कॉम्बी बॉयलर पाणी तापवतो.

२१ जानेवारी, रविवार

गुरुवारच्या आकड्याचा हिशेब मांडला. ११२ मधून आंघोळ-स्वयंपाकाचे ७ वजा केले, राहिले १०५. जुना बॉयलर शंभरातले ८५ घरात देतो असं धरलं तर ८९ युनिट उष्णता. २४ तासांनी भागलं: ३.७ किलोवॅट. त्या दिवशी घरात सरासरी १८.५ अंश होते, बाहेर शून्य. म्हणजे आत-बाहेरच्या फरकाच्या दर अंशामागे घरातून साधारण २०० वॅट निसटतात.

आता आत २०.५ हवे आणि बाहेर उणे २ आहेत असं धरू. फरक २२.५ अंशांचा, गरज ४.५ किलोवॅटची. दोनदा तपासलं. आमचा बॉयलर २४ किलोवॅटचा आहे! नळाचं पाणी क्षणात तापवण्यासाठी त्याला तेवढी ताकद लागते, घर उबदार ठेवायला नाही, हे आज नीट कळलं.

३ फेब्रुवारी

लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या पोटमाळ्यात, उष्णता अडवणारी १०० मिलिमीटरची जुनी लोकर होती, दबलेली. ती २७० पर्यंत वाढवली. नवरा वर, मी शिडीवर, दोन दिवसांचं काम, ४३० पौंडांचं सामान. हीट पंप बसो न बसो, हे करायचंच होतं.

१० फेब्रुवारी

आजपासून दोन आठवड्यांचा प्रयोग. बॉयलर रेडिएटरकडे ७० अंशांचं पाणी पाठवतो, ते ५० वर आणलं. हीट पंप जितकं कोमट पाणी पाठवेल तितकी वीज कमी खातो. ३५ अंशांना तो मजेत असतो, ५५ला धापा टाकतो. तेव्हा खरा प्रश्न असा की कमी गरम पाण्यावर आमचे रेडिएटर खोल्या ऊबदार ठेवतात का. हे बघायला एक पैसाही लागत नाही. बॉयलरवरचं बटण फिरवायचं आणि वाट बघायची.

२५ फेब्रुवारी

प्रयोग संपला. नऊपैकी सात खोल्या-कोपरे ठीक. पुढची बैठक १८च्या वर गेली नाही आणि मागची जेवणाची खोली संध्याकाळी १७वर अडकली. बाकी घरात फरक जाणवला नाही, फक्त बॉयलर सकाळी एक तास आधी लावावा लागला. जुनं घर म्हणून नाही म्हणणाऱ्यांना आता माझ्याकडे उत्तर आहे: नाही म्हणतात त्या आमच्या दोन खोल्या, आणि त्यांचे रेडिएटर बदलता येतात.

१६ मार्च

दोन कोटेशन आली.

पहिलं फोनवरच. घर किती खोल्यांचं, किती साली बांधलं, एवढं विचारून ८.५ किलोवॅट, १३,९०० पौंड, अनुदान वजा जाता ६,४००. घरी यायची गरज नाही म्हणाले.

दुसऱ्यांचा माणूस आला, वीस मिनिटं होता, टेप काढली नाही. क्षेत्रफळाला एका ठरीव आकड्याने गुणून ११ किलोवॅट. पाणी ५५ अंशांवर, वर एक बफर टाकी (रेडिएटरचं पाणी साठवणारी), १६,२०० पौंड. मी ४.५चा हिशेब दाखवला तर म्हणाला, मोठं घेतलेलं बरं, थंडीत कमी पडायला नको. गॅसच्या बॉयलरला हे चालून जातं. हीट पंप गरजेच्या दुप्पट मोठा घेतला तर सौम्य हवेत त्याला स्वतःला पुरेसं मंद करता येत नाही. तो सारखा चालू-बंद होतो, वीज जास्त जाते आणि कॉम्प्रेसर लवकर झिजतो. माणूस वाईट नव्हता, पण या घरातून उष्णता किती जाते हे न मोजता तो आम्हाला वीस वर्षांचं यंत्र विकत होता. दोघांनाही नकार कळवला.

६ एप्रिल

तिसऱ्यांचा सर्व्हे. साडेतीन तास. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी-उंची, प्रत्येक खिडकी, दार, बाहेरची भिंत कुठली आणि शेजाऱ्याची कुठली, जमिनीखाली पोकळी आहे का. रेडिएटरची मापं. नळांची जाडीही बघितली. बाहेरचं तापमान त्यांनी उणे २ धरलं.

मग जागेचा प्रश्न निघाला आणि इथे गाडी अडली. माझ्या डोक्यात यंत्र बाजूच्या बोळात होतं. बोळ १.६ मीटर रुंद. यंत्र ४५ सेंटिमीटर खोल, मागे हवेला ३० सेंटिमीटर मोकळे. हद्दीपर्यंत उरतात ८५ सेंटिमीटर. नियोजनाची वेगळी परवानगी नको असेल तर २०२४च्या नियमाप्रमाणे हद्दीपासून एक मीटर लागत होता. १५ सेंटिमीटर कमी.

मागची भिंत बघितली. तिथे स्वयंपाकघराचं दार आणि खिडकी. या यंत्रात शीतक म्हणून, म्हणजे उष्णता वाहून नेणारा वायू म्हणून, प्रोपेन असतो. हवामानाला त्याचा त्रास फार थोडा. इतर अनेक यंत्रांतल्या आर-३२ या शीतकाची हवामान तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट, प्रोपेनची साधारण ३ पट. पण तो ज्वालाग्राही, म्हणून दार, खिडकी आणि गटाराच्या तोंडापासून अंतर राखावं लागतं. शेवटी जेवणाच्या खोलीच्या भिंतीला, हद्दीपासून १.२ मीटरवर, जागा सापडली. तुळशीची कुंडी हलवावी लागेल.

१४ एप्रिल, रविवार

तिसरं कोटेशन. घराची गरज त्यांच्या हिशेबाने ५.६ किलोवॅट, यंत्र ६ किलोवॅटचं, पाणी जास्तीत जास्त ४५ अंश, पाच रेडिएटर नवे. खर्च: यंत्र ४,१००, १८० लिटरची टाकी १,४५०, रेडिएटर १,६००, नळ, पंप, झडपा १,२००, वीजकाम ७५०, मजुरी आणि चालू करून देणं ३,५५०. एकूण १२,६५० पौंड. व्हॅट शून्य, ती सवलत मार्च २०२७ पर्यंत आहे. अनुदान ७,५०० त्यांनीच ऑफजेमकडे (ऊर्जा नियामकाकडे) मागायचं आणि बिलातून वजा करायचं. आमच्या खिशातून ५,१५०.

रेडिएटर का बदलायचे याचं गणित त्यांनी खोलीवार दिलं, ते आवडलं. बैठकीला ९८० वॅट लागतात. आहे तो रेडिएटर १,९०० वॅटचा असं पाटीवर लिहिलंय, पण ते पाणी खोलीपेक्षा ५० अंश गरम असेल तर. ४५ अंशांच्या पाण्याला हा फरक २१-२२वर येतो आणि रेडिएटर जेमतेम एक तृतीयांश देतो, ६३५ वॅट. तेवढ्याच लांबीचा दुहेरी पत्र्याचा लावला तर १,००० मिळतात. फेब्रुवारीत बैठक १८वर का अडकली ते कागदावर दिसलं.

रात्री नवऱ्याबरोबर चालवण्याच्या खर्चाला बसलो. तापवण्यासाठी वर्षाला १३,५०० युनिट गॅस जातो. आजच्या कमाल दराने, युनिटला ६.०४ पेन्स, ते झाले ८१५ पौंड. त्यातून घराला मिळते ११,५०० युनिट उष्णता. वीज २४.५० पेन्स, म्हणजे गॅसच्या चौपट. हीट पंपाने विजेच्या एका युनिटमागे ३.६ युनिट उष्णता दिली तर खर्च ७८३. तीनच दिली तर ९३९. बरोबरीची रेषा ३.४५वर.

म्हणजे बिल अर्ध्यावर येतं हे खोटं, आणि चौपट महाग वीज म्हणून दिवाळं निघतं हेही खोटं. सगळं त्या एका आकड्यावर उभं आहे. त्याला सीओपी म्हणतात, आणि तो यंत्राच्या पाटीवरून ठरत नाही. रेडिएटरमध्ये किती कोमट पाणी चालतं यावर ठरतो.

८ मे

अनुदानाचा नियम आजपासून सैल झाला. घराच्या ऊर्जा प्रमाणपत्रावर लॉफ्ट किंवा पोकळ भिंत भरण्याची शिफारस बाकी असेल तर आधी ती पुरी करावी लागे. आमच्या २०१६च्या प्रमाणपत्रावर लॉफ्टची शिफारस अजून आहे, काम आम्ही केलेलं असलं तरी. नवं प्रमाणपत्र काढायची गरज उरली नाही. ऑर्डर दिली.

१९ मे

टाकी कुठे? जिन्यावरचं कपाट ही एकच जागा. मुळात ते गरम पाण्याच्या टाकीसाठीच बांधलेलं. कॉम्बी आला तेव्हा रिकामं झालं, आणि गेली नऊ वर्षं तिथे आमचं देवघर आहे. जेवणाच्या खोलीत चिमणीशेजारी कोनाडा आहे. देव तिथे पूर्वेकडे तोंड करून बसतात का ते होकायंत्राने बघितलं. बसतात. साताऱ्याला सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "हलवायला हरकत नाही, पण मुहूर्त बघून हलवा आणि त्या दिवशी घरात गोड करा." नवं कपाट करून घ्यायला २६० पौंड.

कॉम्बी काढून हीट पंप घेणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न आधी सोडवावा. साठ-पासष्ट सेंटिमीटर चौरस कपाट नसेल तर बाकी सगळं जुळूनही अडतं.

१९ जून

अडचण. वीजवाहिनीच्या कंपनीला जोडणीची माहिती द्यावी लागते, तेव्हा कळलं की शेजारच्या आजींचा पुरवठा आमच्या मीटरपेटीतून पुढे गेलाय. जुन्या जोडघरांत अशी साखळी असते. ती तोडून दोन्ही घरांना वेगळी केबल दिल्याशिवाय परवानगी नाही. काम फुकट, पण पुढचं अंगण खणावं लागणार, त्यांचंही. कामाची तारीख २१ ऑगस्ट. यंत्र जुलैत बसायचं होतं.

आजींकडे चहाला गेले. आवाजाचीही त्यांना काळजी होती. कागद दाखवला: त्यांच्या खिडकीपाशी ४२ डेसिबलच्या आत आवाज हवा असा २०२४चा नियम, आमचा हिशेब ३९. केबलसाठी त्यांनी सही दिली, एका अटीवर: गुलाबाचं झाड मुळासकट काढून पुन्हा लावायचं.

२१ ऑगस्ट

केबल झाली. गुलाब मी स्वतः काढला आणि स्वतः लावला.

९ ते १३ सप्टेंबर

दीड दिवसाचा गणपती रविवारी विसर्जन केला आणि सोमवारी सकाळी आठला माणसं दारात. देव आदल्या आठवड्यातच नव्या कपाटात गेले होते.

सोमवारी बॉयलर उतरला. मंगळवारी जुन्या नळांतून पाणी सोडलं तर शाईसारखं काळं. दोनदा धुवावं लागलं. बुधवारी जेवणाच्या खोलीची फरशी उचलल्यावर दिसलं की त्या रेडिएटरला जाणारा नळ अवघा १० मिलिमीटरचा. सर्व्हेत नळ भिंतीबाहेर येतो तिथलाच जाड तुकडा दिसला होता. फेब्रुवारीत ती खोली १७वर का अडकली, तर हेच. कोमट पाण्याने तेवढीच उष्णता न्यायची तर पाणी जास्त वाहायला हवं, आणि या नळातून ते वाहणार नाही. १५ मिलिमीटरचा नवा नळ, २८० पौंड जादा. दिले. गुरुवारी टाकी आणि वीज, शुक्रवारी यंत्र जागेवर.

चार दिवस गरम पाणी नव्हतं. सप्टेंबर होता म्हणून निभलं. बॉयलर जानेवारीत बंद पडल्यावर हे करायला निघालो असतो तर कंटाळून गॅसचाच बसवला असता.

१६ सप्टेंबर

चालू. मागच्या अंगणात उभं राहिलं तर पंख्याचा आवाज येतो, दार लावलं की नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा

यंत्राची पूजा केली. मग त्याच्या पडद्यावरचे आकडे वाचले आणि मन खट्टू झालं. सीओपीची महिनाभराची सरासरी ३.१. बाहेर १२ अंश असताना ती चारच्या वर हवी.

दुपारभर पुस्तिका वाचली. बसवणाऱ्यांनी पाणी ५० अंशांवर स्थिर ठेवलं होतं. बाहेरच्या तापमानाप्रमाणे पाणी कमी-जास्त गरम करायची सोय यंत्रात आहे, ती बंद होती. ४५चा करार, त्यावर बेतलेले रेडिएटर, आणि वर ५०चं पाणी! फोन केला तर उत्तर मिळालं, ग्राहकांची थंडीची तक्रार येऊ नये म्हणून आम्ही असंच सोडतो. याचा मला राग आला. पाच महिन्यांचा माझा हिशेब आणि त्यांचंच खोलीवार मोजमाप, दोन्ही या एका बटणाने वाया जात होतं. हीट पंपाने बिल वाढलं म्हणून सांगणाऱ्यांपैकी किती घरांत हे बटण असंच पडून असेल!

स्वतः बदललं: बाहेर उणे २ असेल तर पाणी ४५, बाहेर १५ असेल तर २८, मधे सरळ रेषा.

१९ ऑक्टोबर

आठवड्याची सरासरी ४.३. पण यंत्र तासाला चार-पाच वेळा चालू-बंद होत होतं. कारण रेडिएटरवरच्या तापमान-झडपा आम्ही सवयीने अर्ध्या मिटलेल्या. पाणी फिरायला जागाच नाही. बेडरूम सोडून सगळ्या पूर्ण उघडल्या. आता एकदा चालू झालं की दीड-दोन तास मंद चालतं.

बॉयलरची सवय मोडायला वेळ लागतो. सकाळ-संध्याकाळ पेटवायचं आणि मधे बंद ठेवायचं हे इथे उलटं पडतं. रात्री फक्त एक अंश खाली, बाकी दिवसभर एकच तापमान.

२० ऑक्टोबर

सासूबाई साताऱ्याहून आल्या. आल्या आल्या रेडिएटरवर हात ठेवला. "अगं, हे तर गारच लागतंय. बंद पडलंय का?"

पाणी ३२ अंशांचं होतं. तळहात त्याहून गरम, त्यामुळे ते गारच लागणार. पण खोलीत २०.५ होते आणि शाल त्यांनी कधी काढून ठेवली ते त्यांनाही कळलं नव्हतं. मग मी विचारलं, "आई, साताऱ्याच्या फ्रीजची मागची जाळी गरम लागते ना? आतल्या भाजीतली उष्णता ती बाहेर टाकते. हे यंत्र अंगणातल्या हवेतली उष्णता तशीच घरात टाकतं." "एवढ्या थंड हवेत उष्णता असते?" "भाजीत असते तशीच." पटलं की नाही माहीत नाही, पण अंगणात जाऊन यंत्राच्या पंख्यापुढे हात धरून आल्या आणि म्हणाल्या, "इथली हवा बाहेरच्याहून गार आहे." तेच तर.

३१ ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

टाकीची खरी परीक्षा. पाहुणे धरून सहा माणसं, सगळ्यांची अभ्यंगस्नानं उजाडायच्या आत. १८० लिटर पाणी ५० अंशांवर ठेवलं. गार पाणी मिसळून ४० अंशांचं सुमारे २४० लिटर होतं. माणशी ४० लिटर. पहाटे चारला टाकी तापायला लावली, पाचला आई बादलीने, मग बाकीचे शॉवरने. उटणं धुवायला पाणी जास्त लागतं हे हिशेबात नव्हतं. सहाव्या माणसाला, म्हणजे मला, शेवटी कोमट मिळालं. टाकी पुन्हा तापायला सव्वा तास लागला. पाच-सहा माणसांचं रोजचं घर असेल तर २५० लिटरची टाकी घ्या. आम्हा तिघांना आणि आईंना एरवी १८० पुरते.

२१ नोव्हेंबर

तीन दिवस कडक थंडी. यंत्राच्या मागच्या पत्र्यावर बर्फ धरतो, मग पंखा थांबतो, यंत्र घरातलीच थोडी उष्णता उलटी घेऊन तो वितळवतं आणि वाफेचा लोट निघतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा लेक धूर समजून ओरडत आला. याचा त्रास कोरड्या उणे ५पेक्षा ओल्या १-२ अंशांना जास्त होतो, आणि टेम्सच्या खोऱ्यात हिवाळाभर तेच असतं. परवाची सरासरी २.९.

वितळलेलं पाणी पायवाटेवर येऊन त्याचा गुळगुळीत बर्फ झाला. आई सकाळी तुळशीला पाणी घालायला तिकडूनच जातात. ताबडतोब मीठ टाकलं. शनिवारी यंत्राखाली खड्डा खणून खडी भरायची.

२४ नोव्हेंबर

वादळ बर्ट आलं, बाहेर एकदम १५ अंश. पाणी आपोआप २८वर उतरलं, कोणी कशाला हात लावला नाही. खडीचा खड्डा पावसातच खणला.

११ जानेवारी २०२५

जवळपास वर्षाने पुन्हा तशीच थंडी. काल दिवसाची सरासरी उणे १. विजेचे ४० युनिट गेले, घरात १११ युनिट उष्णता आली. टाकीचे ८ वजा केले आणि २४ने भागलं तर ४.३ किलोवॅट. घरात सगळीकडे २०.५. पहिल्या रविवारी वहीत मांडलेला हिशेब याच दराने ४.३च सांगतो. ११ किलोवॅटचं यंत्र घेतलं असतं तर थंडीतल्या सर्वांत वाईट दिवसालाही त्याच्या निम्म्याहून कमी काम पडलं असतं.

उणे २ला पाणी आता ४५ऐवजी ४१वर आणलंय. कोणी थंडी वाजते म्हणालं नाही.

१ मार्च

ऑक्टोबर ते फेब्रुवारी, पाच महिने: उष्णता ७,९०० युनिट, वीज २,१४० युनिट, सरासरी ३.७. दसऱ्यापर्यंतचे वाया गेलेले दिवस त्यात आहेतच.

ऑक्टोपस या वीजकंपनीचा हीट पंपवाल्यांसाठीचा कोझी दर सगळा हिवाळा वापरला: पहाटे ४ ते ७, दुपारी १ ते ४ आणि रात्री १० ते १२ वीज स्वस्त, संध्याकाळी ४ ते ७ फार महाग. टाकी आणि थोडीशी जादा ऊब स्वस्त तासांत. आम्हाला सरासरी १९.८ पेन्स पडले, म्हणजे ४२४ पौंड. साध्या दराने ५२९ झाले असते. जुन्या बॉयलरने तेवढ्याच उष्णतेला गॅसचे ५८५ घेतले असते.

भांडवली खर्च: ५,१५०, नळाचे २८०, लॉफ्ट ४३०, देवघर २६०, प्लास्टर-रंग ३४०. एकूण ६,४६०. नवा गॅस बॉयलर घ्यावाच लागला असता, ते २,९०० वजा केले तर ३,५६० जादा. वर्षाला २०० वाचतील आणि गॅसची जोडणी काढली तर तिचा स्थिर आकारही, तो एप्रिलपासून ३२.६७ पेन्स रोज, म्हणजे ११९. अकरा वर्षांत फिटेल. साध्या दरावर राहिलो तर एकोणीस, म्हणजे यंत्राच्या आयुष्याइतकी. अनुदान नसतं तर आम्ही हे केलं नसतं, हे स्पष्ट लिहून ठेवते.

पैशात न बसणारी गोष्ट अशी की मागच्या जानेवारीत घरात सरासरी १८.५ होते, यंदा २०.५. जेवणाच्या खोलीच्या कोपऱ्यातली बुरशी यंदा आली नाही. आईंचे गुडघे सकाळी कुरकुरले नाहीत.

१५ मार्च

मंडळातली मैत्रीण घर बघायला आली. तिचं व्हिक्टोरियन काळातलं एकविटी सलग भिंतीचं घर, दोन्ही बाजूंना शेजारी, मागे अडीच मीटरचं आवार. गॅसचं बिल आमच्या दीडपट. तिला मी बसव म्हणाले नाही. सलग भिंतीतून आमच्या भरलेल्या पोकळ भिंतीच्या तीन-चार पट उष्णता जाते. आवारात हद्दीपासून एक मीटर सोडला तर यंत्र स्वयंपाकघराच्या दारासमोर येतं. जिन्यावरचं कपाट तिने बाथरूममध्ये घेतलंय. तिचा बॉयलर सहा वर्षांचा, धडधाकट आहे. तिला सांगितलं: पुढच्या थंडीत पाणी ५०वर आणून दोन आठवडे बघ, एका थंड दिवसाचं मीटर लिहून ठेव, मग ते आकडे घेऊन ये. ती जरा हिरमुसली. पण न मोजता हो म्हटलं असतं तर मीही त्या वीस मिनिटांत परतलेल्या माणसासारखीच वागले असते.

३० मार्च, गुढीपाडवा

गॅस आता फक्त शेगडीला लागतो. एका शेगडीसाठी वर्षाला ११९ पौंड स्थिर आकार. इंडक्शन शेगडी आणली आहे आणि आईंनी गेले तीन आठवडे तिची परीक्षा घेतली. लोखंडी तवा तिच्यावर उत्तम तापतो. भाकरी दुसऱ्या बाजूने आचेवर टाकता येत नाही, पण तव्यातच फडक्याने दाबत फिरवली की फुगते. चौथ्या दिवशी आईंना साधलं आणि पाचव्या दिवसापासून त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं. पोळ्या पहिल्यापासून चांगल्या. वांगं मात्र जमलं नाही. ओव्हनमध्ये शिजतं, भाजत नाही. धुराचा वास नाही म्हणून त्यांनी भरीत बाजूला सारलं.

आईंचं विमान १२ एप्रिलला आहे. गॅसचं मीटर काढायला मी १५ तारीख मागितली. आज पुरणपोळी झाली, उद्या बाजारातून मोठी वांगी आणायची आहेत.